दोन दिवसांत पांढरी पडणारी हिरवळ: एका घरच्या लॉनमोवरचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर बैठं. मागची-पुढची मिळून हिरवळ साधारण 280 चौरस मीटर. पुढचा भाग सपाट, मागचा एका अंगाला उतरता. मागे दोन मोठी झाडं आहेत आणि त्यांतल्या एकाची मुळं जमिनीवर आली आहेत. पुढून मागे जायला घर आणि कुंपण यांच्यामधली अरुंद बोळ तेवढी आहे. घरात निवृत्त वडील आणि नोकरी करणारी मुलगी. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. मी त्यांना काका आणि ताई म्हणत आलोय, इथेही तेच ठेवतो.

लहान इंजिनांची दुरुस्ती हे माझं काम. हा मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, पेट्रोलवर चालणारा, 53 सेंटीमीटर पात्याचा, चाकं स्वतः ओढणारा होता आणि दोन हंगाम वापरलेला होता. घेताना हिशोब एकच केला होता: पातं जितकं रुंद, तितकं काम लवकर उरकेल.

अडचण

ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचं जवळपास ठरलेलं होतं. "दादा, हे यंत्र आता काढून टाकायचं म्हणतोय आम्ही. बॅटरीवरचं कुठलं घ्यावं तेवढं सांगा."

तक्रारी तीन होत्या. गवत कापल्यावर दोन दिवसांत सगळ्या हिरवळीवर पांढुरकी झाक यायची आणि काही ठिकाणी तपकिरी चट्टे पडायचे. यंत्र चालू असताना दांडा इतका थरथरायचा की काम संपल्यावर काकांच्या बोटांना मुंग्या यायच्या. आणि चार महिने उभा राहिल्यावर आता तो चालूच होत नव्हता. दोरी ओढून ओढून काकांचा खांदा भरून आला होता.

नवीन यंत्र घेतलं तर तिन्ही तक्रारी एका दमात सुटतील असं त्यांना वाटत होतं, आणि ते स्वाभाविकही होतं. पण जुन्याला नेमकं काय झालंय हे कळल्याशिवाय नवं घेतलं तर तेच दुखणं नव्या यंत्रालाही लागतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की ताईंना जरा आग्रहानेच म्हटलं, "आठ दिवस थांबा. आधी मला हे बघू द्या."

तपासणी, आणि माझी चूक

यंत्र चालू होत नाही म्हटल्यावर मी सरळ पेट्रोलकडे वळलो. टाकीत मागच्या हंगामातलं पेट्रोल तसंच होतं. उघड्यावर नेऊन काचेच्या बरणीत काढलं तर रंग कोऱ्या चहासारखा आणि वास आंबूस. पेट्रोल महिनाभरानंतर बिघडायला लागतं. हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेतं. कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, खालची वाटी उघडली तर तळाला पिवळट साय धरलेली. मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, उजेडासमोर धरला तर भोकातून उजेड दिसेना. क्लीनर फवारून आणि नायलॉनचा बारीक धागा घालून तो मोकळा केला. इथे लोखंडी तार घालू नये, भोक मोठं होतं आणि मग पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं.

एअर फिल्टर काढला तर कागदी घड्या तेलाने माखलेल्या. "काका, खालून साफ करताना यंत्र कुठल्या अंगावर झोपवता?" त्यांनी उजवा हात दाखवला, म्हणजे नेमकी फिल्टरचीच बाजू. तशी बाजू खाली गेली की इंजिनातलं तेल कार्ब्युरेटरमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरतं, मग चालू करताना पांढऱ्या धुराचे लोट. यंत्र कलंडायचंच असेल तर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या अंगाला राहायला हवेत.

नवा फिल्टर, ताजं पेट्रोल, स्पार्क प्लग साफ करून फट 0.75 मिलिमीटरच्या आसपास. दोरी ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा दोरी माझ्या हातातून हिसडा देऊन उलटी परत गेली.

तो हिसडा बसला तेव्हा मला कळलं की सुरुवातीलाच विचारायचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. ठिणगी चुकीच्या वेळी पडत असली की दोरी अशी उलटते. "काका, हा कधी कशावर आदळला होता का?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग मागच्या झाडाकडे बोट केलं. "त्या मुळावर. ठप्पकन बंद पडला. मग पुन्हा ओढला, चालू झाला, म्हणून काही बोललो नाही. थरथर तेव्हापासूनचीच."

या मोवरमध्ये पातं थेट इंजिनाच्या दांड्यावर, क्रँकशाफ्टवर बसतं. पातं एकदम अडलं की दांडा जागीच थांबतो, पण त्यावरचं जड चाक, फ्लायव्हील, वेगात असल्यामुळे पुढे सरकू पाहतं. दोघांना एका रेषेत धरायला मऊ धातूची एक छोटी चावी असते आणि मार तिच्यावर येतो. ठिणगी पाडणारं चुंबक फ्लायव्हीलवरच असतं, त्यामुळे चावी जरा सरकली तरी ठिणगीची वेळ चुकते. फ्लायव्हील काढून चावी हातात घेतली. करंगळीच्या नखाएवढा तुकडा, आणि मधोमध जिन्याच्या पायरीसारखा तुटत आलेला. अर्धी चावी वर धरून होती, अर्धी खाली.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. क्रँकशाफ्ट वाकला असेल तर इथेच थांबायचं, कारण वाकलेला दांडा ठोकून सरळ करणं धोक्याचं आहे आणि नवा बसवायचा खर्च सहसा परवडत नाही. प्लग काढून, दोरीने इंजिन सावकाश फिरवत खालून पात्याच्या बोल्टकडे पाहिलं. बोल्टचं डोकं जागच्या जागी फिरत होतं, डुलत नव्हतं. दांडा सरळ होता. नवी चावी घातली, यंत्र दुसऱ्याच ओढीला चालू झालं.

पेट्रोल खराब होतंच, त्यामुळे कार्ब्युरेटरवरची मेहनत वाया गेली नाही. तरी "कशावर आदळलं का" हा प्रश्न फोनवरच विचारला असता तर अर्धा दिवस वाचला असता, आणि इतके दिवस तसाच थरथरता मोवर धरण्याचा धोका मी काकांना त्याच दिवशी सांगितला असता.

गवताची साक्ष

पातं काढलं. दोन्ही धारा गोल झालेल्या, एका टोकाला मुळावरच्या आदळण्याची खाच. भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने अडकवलं तर एक टोक लगेच खाली गेलं. समतोल गेलेलं पातं मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेतं तेव्हा तोच झोल हातात धरायच्या दांड्यापर्यंत थरथर बनून येतो, आणि आतल्या बेअरिंगलाही खातो.

धार लावण्याआधी मी ताईंना म्हटलं, तेच बोथट पातं बसवून फक्त एक पट्टा कापू. मग धार लावून शेजारी दुसरा पट्टा कापू. दोन दिवसांनी तुम्हीच बघा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. लांबूनच दोन रंग दिसत होते. गुडघ्यावर बसून पहिल्या पट्ट्यातली एक पात तोडली. टोकाला दोऱ्याच्या उसवलेल्या टोकासारखे पांढरे धागे. फिरत्या पात्याचा मोवर गवत कात्रीसारखा कापत नाही, वेगाने मारून तोडतो. धार असेल तर घाव स्वच्छ होतो, नसेल तर पात फाटते, आणि फाटलेलं टोक सुकून पांढरं पडतं. दुसऱ्या पट्ट्यातल्या पातीचं टोक आडवं, सरळ, हिरवं होतं. ताई दोन्ही पाती तळहातावर धरून बराच वेळ बघत राहिल्या.

पांढऱ्या झाकेचं उत्तर मिळालं. तपकिरी चट्ट्यांचं कारण वेगळं होतं. ते फक्त उंचवट्यांवर होते. काकांनी उंचीचा खटका सगळ्यात खालच्या खाचेत ठेवला होता, म्हणजे लवकर लवकर कापावं लागू नये. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा कापावा, त्याहून जास्त नको. 5 सेंटीमीटरवर ठेवायचं असेल तर ते साडेसातला पोचलं की कापायचं. त्याखाली गेलं की हिरवी पानं जातात, उघडे देठ राहतात, मुळं उथळ होतात आणि मोकळ्या जागी तण घुसतं. खटक्यावरचे आकडे नुसते खाचांचे क्रमांक असतात. खरी उंची कळायला प्लगची टोपी काढून, सपाट फरशीवर यंत्र उभं करून, फरशीपासून पात्याच्या धारेपर्यंत पट्टीने मोजावं लागतं. आम्ही मोजली. अडीच सेंटीमीटर भरली.

पर्याय

आता यंत्र चालत होतं, पण प्रश्न संपला नव्हता. काकांना यापुढे हेच यंत्र झेपेल का, हे बघायचं होतं.

पहिला पर्याय जुनंच ठेवायचा. इथे रुंदीचा हिशोब पुन्हा मांडला. ताशी 3 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला 50 मीटर चाललं आणि पट्टे थोडे एकमेकांवर चढवले तर 53 सेंटीमीटरच्या पात्याने सुमारे 46 सेंटीमीटर नवं गवत कापलं जातं. 280 चौरस मीटरला साधारण 12 मिनिटं. 40 सेंटीमीटरच्या पात्याला 16 मिनिटं. वळणं, झाडं, बोळ धरून दोन्हींचा वेळ जवळपास दुप्पट होतो, आणि अडचणीच्या जागी रुंद यंत्रच जास्त अडतं. ज्या रुंदीसाठी एवढं जड यंत्र घेतलं, तिचा फायदा सरळ चालण्यात चार मिनिटांचा होता.

दुसरा पर्याय हाताने ढकलायचा, पिंपासारख्या फिरत्या पात्यांचा रील मोवर. काकांचं मन यावर होतं: आवाज नाही, धूर नाही, चालणं होतं. मोवरची मूळ कल्पना हीच आहे. इंग्लंडमधल्या एडविन बडिंग यांनी 1830 साली याचं पेटंट घेतलं, आणि त्यांना ते सुचलं कापडगिरणीत कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून. तो गवत खरोखर कात्रीसारखा कापतो, म्हणून टोक सगळ्यात स्वच्छ मिळतं. एक ओळखीतून मागून आणला आणि दोन आठवडे वापरून पाहिला. पुढच्या सपाट भागात सुरेख चालला. मागे झाडाखालची प्रत्येक काटकी पात्यांत अडकायची, आणि आठवडा चुकून गवत उंच झालं की चाकं नुसती घसरायची. मागून आणून वापरून पाहिल्याचा मला फार फायदा वाटतो. नुसतं बोलत राहिलो असतो तर काकांच्या मनात ती हुरहूर राहिली असती.

वायरवरचा विजेचा मोवर हलका आणि देखभालीला सोपा. पण विजेचा सॉकेट पुढच्या भिंतीला, आणि वायर बोळीतून दोन झाडांना वळसा घालत मागच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची. वायर लांब आणि बारीक असली की विजेचा दाब कमी होतो आणि मोटर तापते. शिवाय वायर पात्याखाली यायची भीती प्रत्येक वळणावर. वीज गळली की पुरवठा तोडणारं 30 मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण लावूनही काकांच्या हाती हे द्यायला ताई तयार नव्हत्या, आणि मला ते पटलं. आपोआप फिरून गवत कापणाऱ्या रोबोटचा विषय उघडी मुळं आणि बोळ पाहून तिथेच सोडला.

राहिला बॅटरीचा. खोक्यावर 40 व्होल्ट लिहिलेलं असतं ते पूर्ण भरलेल्या बॅटरीचं. काम करताना ती 36 व्होल्टची धरावी. 36 गुणिले 4 अँपिअर-तास म्हणजे 144 वॉट-तास. मोटर 450 वॉट घेत असेल तर 19 मिनिटं. गवत उंच किंवा ओलं असेल तर मोटर जास्त ओढते आणि वेळ आणखी घटतो. म्हणजे या अंगणाला तसल्या दोन बॅटऱ्या हव्यात. एकीवर भागेल असं कुणी सांगितलं तर हा गुणाकार करून बघावा.

निर्णय

ताईंना लगेच घ्यायचं होतं. मी सुचवलं की दुरुस्त झालेला जुनाच एक हंगाम वापरा, आणि प्रत्येक वेळी डायरीत तीन गोष्टी लिहा: तारीख, लागलेला वेळ, आणि काम कशाने अडलं. काकांनी ती डायरी नेमाने लिहिली.

हंगाम संपल्यावर तिघं बसून वाचली तेव्हा "कशाने अडलं" या रकान्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होती. "बोळीत वळवताना." "खालून साफ करायला उलटं करता आलं नाही, ताई घरी नव्हती." "धार लावायची होती, राहून गेलं." चाकं स्वतः ओढणारा असा पेट्रोल मोवर 35 किलोच्या घरात जातो. चालताना वजन जाणवत नाही कारण चाकं ओढतात, पण पातं काढायला तो एकट्याने कलंडावा लागतो. काकांना ते जमत नव्हतं. म्हणून धार राहायची, आणि मग पुन्हा पांढरी झाक.

40 सेंटीमीटरचा बॅटरी मोवर याच्या निम्म्या वजनाचा असतो. निवड या एका गोष्टीवर झाली. व्होल्ट, वेग, रुंदी यांपेक्षा काकांना यंत्र एकट्याने, न घाबरता उलटं करता येतं का, हे मी वरचं मानलं. आजही मानतो. ज्याचं पातं हाताशी येत नाही, त्याला धार लागत नाही.

केलेली कामं

दोन बॅटऱ्यांसह नवा मोवर आला. जुना, आदळण्याची हकिगत स्पष्ट सांगून, मोठ्या मोकळ्या जागेवर काम करणाऱ्या एका माळ्याला दिला. त्याआधी टाकी रिकामी केली आणि आतलं उरलंसुरलं संपेपर्यंत अंगणात चालवला. पेट्रोल इंजिन बंद खोलीत किंवा गॅरेजात कधी चालवू नये. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काकांना धार लावायला शिकवलं. आधी बॅटरी आणि सुरक्षेची चावी काढून खिशात. पेट्रोल यंत्रात त्या जागी प्लगची टोपी. जाड हातमोजे. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा आडवा घालायचा, पात्याची खालची बाजू कुठली त्यावर खडूने खूण करायची, मग पाना लावायचा. शिकंज्यात धरून कानस एकाच दिशेने, आहे त्याच कोनात, साधारण 30 अंश. दाढीच्या ब्लेडसारखी पातळ धार नको, ती पहिल्या खड्यालाच वळते. मग खिळ्यावर अडकवून जे टोक खाली जाईल ते थोडं आणखी घासायचं, पातं आडवं स्थिर होईपर्यंत. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळायचा. हे दर 20-25 तासांच्या कामानंतर, आणि कशावर आदळलं तर लगेच.

कापलेलं गवत आता पिशवीत न भरता तिथेच पडू देतात. बारीक चुरा लवकर कुजतो आणि हिरवळीला लागणाऱ्या नत्राचा चौथ्या हिश्शापर्यंतचा भाग परत देतो. यासाठी गवत कोरडं हवं आणि तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळायला हवा, नाहीतर चुऱ्याचे ढीग पडतात. उतारावर वरखाली न जाता आडवं चालायचं. पूर्वी काका उतारावर यंत्र मागे ओढत यायचे, पाय आणि पातं यांच्यामध्ये काही नसायचं. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला होता.

आणि सगळ्यात चांगलं काम, ज्याला काहीच खर्च आला नाही: मुळं वर आलेल्या झाडाभोवती मोठं वर्तुळ आखून तिथली हिरवळ सोडून दिली. सावलीत गवत तसंही विरळच होतं. आता तिथे वाळलेली पानं पसरलेली असतात आणि मोवर त्या मुळापर्यंत जातच नाही. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चावी बदलताना ते मूळ माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी सांगायचं सुचलं नाही. हंगामभर काका त्याच्या अंगावरून यंत्र नेत राहिले.

परिणाम

पांढरी झाक गेली. उंची 5 सेंटीमीटरवर आणल्यावर उंचवट्यांवरचे चट्टे भरायला जवळपास दोन महिने लागले. बोटांच्या मुंग्या थांबल्या.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्याच महिन्यात दोन आठवडे कापणं चुकलं, गवत 12 सेंटीमीटरवर गेलं आणि पहिली बॅटरी अर्ध्या अंगणाच्याही आधी संपली. तेव्हा पातं वर घेऊन आधी 8 सेंटीमीटरवर, आणि तीन-चार दिवसांनी 5 वर, असं दोनदा कापलं. जुनं पेट्रोल यंत्र हेच एका दमात करून गेलं असतं, गवताला त्रास देऊन का होईना. दुसरं म्हणजे बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत चार्जरवर लावून ठेवलेल्या असायच्या. भर उन्हात ती खोली भट्टीसारखी तापते, आणि लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं राहणं दोन्ही मानवत नाही. आता त्या घरात असतात, आणि गवत वाढत नाही त्या महिन्यांत अर्ध्या भरलेल्या ठेवतात. हे मी विकत घेतानाच सांगायला हवं होतं. बॅटरी गेली तर या यंत्रातला सगळ्यात मोठा खर्च तोच आहे.

उताराच्या पायथ्याशी पाणी साचून गवत अजून दबलेलं राहतं. तिथे चर खणायचा की तोही तुकडा सोडून द्यायचा, यावर बापलेकींचं अजून एकमत झालेलं नाही.

डायरी चालू आहे. परवा गेलो तेव्हा पातं त्याच खिळ्यावर आडवं, स्थिर लटकत होतं. काकांनी चौथ्यांदा धार लावली होती. पात्याची टोकं झिजून किती उरली ते पट्टीने मोजून त्यांनी तारखेपुढे लिहिलंय, आणि खाली रेघ मारून: पुढच्या वेळी नवं पातं.